धाकट्याला होईल

कोटाच्या कव्हरची चेन उघडली आणि धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आत त्याचं डाळिंबी जॅकेट नव्हतं. आत होता दादाचा बदामी कोट. कोपरांवर घासून चकाकी आलेला, आतल्या खिशाखाली शाईचा डाग पडलेला, बॅगेत चुरगळलेला. पण हँगरला कसा अगदी व्यवस्थित अडकवलेला, वरून चेन लावलेली, जणू काही भेटच दिलीय.

"हे काय आहे?" त्यानं बायकोला विचारलं.

हॉलच्या मागच्या खोलीत ती आरशासमोर पिना लावत होती. पिन दातात धरूनच तिनं वळून बघितलं आणि पिन खाली पडली.

"अहो, मी उघडून नाही पाहिलं. मोठ्या भावोजींनीच खोलीच्या दाराआडून हातात दिलं. म्हणाले, हे त्याला दे, मी पुढे होतो. मला वाटलं, तुमचंच जॅकेट आहे."

"आणि ते काय घालून पुढे झाले?"

बायको वाकून पडलेली पिन शोधायला लागली. उत्तर दोघांनाही माहीत होतं.

आता धाकटा म्हणजे काही लहान मूल नव्हे. पन्नाशी उलटलेला माणूस. उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या लिफ्टमध्ये घाबरून रडणाऱ्या माणसांना बाहेरून धीर देत देत खाली उतरवतो. त्या वेळी त्याला सगळे साहेब म्हणतात. पण घरी, गल्लीत, नात्यात तो धाकटाच. आणि धाकटा का, तर दादा मोठा म्हणून. दादा नसता तर त्याला काहीतरी वेगळं नाव पडलं असतं, एवढं नक्की.

त्यांच्या घरात एक रीत होती. दादाला कपडा आखूड झाला की आई तो उजेडात धरायची, उलटसुलट करून बघायची आणि म्हणायची, "धाकट्याला होईल." झालं. पुढे चर्चा नाही. धाकट्याला विचारायचं तर नावच नको. शाळेचा पहिला दिवस दादाच्या शर्टात. कॉलेजचा पहिला दिवस दादाच्या पँटमध्ये, तळाशी जुन्या मुडपीची पांढरी रेघ दिसत असलेली. नोकरीची मुलाखत दादाच्या बुटात, पुढे कागद कोंबून. स्वतःच्या लग्नात अंगावरचा सूटसुद्धा दादाच्या लग्नातला, बाजूंनी आत घेतलेला. तेव्हा दादाच्या मित्रांनी त्याला मागून हाक मारली होती, "काय दादा, पुन्हा लग्न?" आणि सगळा मांडव हसला होता. धाकटाही हसला. आतून नुसता उकळत होता, पण हसला.

आई गेली, रीत राहिली. दादा दरवर्षी एक गाठोडं घेऊन यायचा. "बघ रे, अजून काही झालेलं नाही यांना. तुला होतील." दादा वाईट होता का? मुळीच नाही. तेच तर दुखणं होतं. वाईट माणसावर ओरडता तरी येतं. हा प्रेमानं द्यायचा, डोळ्यांत पाणी आणून द्यायचा, आणि चार लोकांत सांगायचा, "आमच्या धाकट्याला मी कधी काही कमी पडू दिलं नाही." धाकट्यानं पन्नास वर्षं मूग गिळले. इतके की आता नुसत्या वासानंही त्याला मळमळत असे.

हे थांबवलं ते लेकीनं. ती कपड्यांच्या दुकानात कामाला. एका सुट्टीच्या दिवशी तिनं बापाचं कपाट उघडलं, एकेक कपडा बाहेर काढला आणि विचारलं, "बाबा, यातलं तुझं काय आहे?"

धाकट्यानं सगळा ढीग वरखाली केला. मग म्हणाला, "रुमाल."

लेक हसली नाही. तिला फार राग आला आणि तो राग बघून धाकट्यालाही स्वतःचा राग सापडला. इतकी वर्षं तो कुठे ठेवला होता कोण जाणे.

"आधी पाया घालायचा," लेक म्हणाली. "पांढरे शर्ट दोन. राखाडी एक. काळी पँट, निळी पँट. साधे, पण अंगाला बसणारे. डोळे मिटून कुठलाही शर्ट, कुठलीही पँट काढली तरी जुळली पाहिजे. त्यावर मग एकच वस्तू अशी, की तू आत आलास की लोकांनी बोलणं थांबवून बघावं."

"माझ्याकडे कशाला बघतील?"

"म्हणूनच," ती म्हणाली.

साधे कपडे त्यांनी एकेक करून घेतले. प्रत्येक वेळी धाकटा दुकानाच्या आरशात स्वतःचे खांदे बघायचा. खांद्याची शिवण खांद्यावरच येते, दंडावर ओघळत नाही, हे त्याला नवीनच होतं. शेवटची ती एक वस्तू मात्र शिवून घ्यायची ठरली. डाळिंबी मखमल. शिंप्यानं मापं घेतली आणि म्हणाला, "उजवा खांदा उतरलाय तुमचा." उतरणारच. तीस वर्षं हत्यारांची बॅग त्याच खांद्यावर होती. शिंप्यानं उजव्या बाजूला आतून जाड गादी भरली, दोन्ही खांदे सारखे केले. पहिल्यांदा घातलं तेव्हा धाकटा आरशासमोरून हलेना. लेक म्हणाली, "हे माझ्या लग्नाच्या जेवणाला. त्याआधी कुठ्ठे घालायचं नाही." त्यानं मान हलवली. ते कपाटात टांगून ठेवलं आणि रोज एकदा दार उघडून बघायचा.

आज तो दिवस. नोंदणी लग्नाच्या सह्या सकाळीच झाल्या होत्या, संध्याकाळी दोन्हीकडच्या माणसांचं जेवण. धाकटा दुपारीच पांढरा शर्ट आणि काळी पँट घालून हॉलवर आला, खुर्च्या मांडून घ्यायला. जॅकेटला धूळ लागायला नको म्हणून ते बायको मागाहून आणणार होती. दादा आदल्या दिवशीपासून घरी उतरला होता. आणि दादानं कपाट उघडलं होतं.

"अहो, आज नको," बायको म्हणाली. तिनं त्याचा दंड धरला. "व्याही मंडळी आलीत. उद्या बोला काय बोलायचं ते. लेकीचा दिवस आहे."

"माझा नाही का?" धाकटा इतक्या मोठ्यानं म्हणाला की बाहेर थाळ्या लावणारा माणूस आत डोकावला.

त्यानं बदामी कोट उचलला आणि तो बाहेर निघाला.

दादा हॉलच्या दारात उभा होता. यजमानाच्या जागी. येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेत होता आणि प्रत्येक जण त्याच्याकडे बघत होता. बघणारच! डाळिंबी मखमल दिव्यांखाली नुसती झळकत होती. बटणं पोटावर लागत नव्हती म्हणून समोरून उघडंच. आणि उजवा खांदा वर आलेला, आत कुणी उशी दडवल्यासारखा. जी गादी धाकट्याचा खांदा सरळ करायची, ती दादाला कुबड आणत होती. दादाला त्याचं काय? तो तोऱ्यात होता.

"वा, काय रंग आहे!" व्याही म्हणत होते.

"जुनं आहे हो माझं," दादा हसत म्हणाला. "केव्हा घेतलं होतं, आता आठवतही नाही. धाकट्याला दिलं होतं. त्यानं बघा कसं जपलंय! नव्यासारखं. वापरलंच नाही बिचाऱ्यानं."

धाकटा दोन पावलांवर उभा होता. त्याला वाटलं होतं, दादानं मुद्दाम उचललं असेल. तसं असतं तर बरं झालं असतं. पण दादा खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. धाकट्याच्या कपाटात एखादी चांगली वस्तू आहे म्हणजे ती कधीतरी आपणच दिली असणार, दुसरी आणणार कुठून? त्याच्या डोक्यात दुसरा विचार शिरायला जागाच नव्हती. धाकट्याचे कान तापले. चोरी परवडली असती त्याला.

"दादा, काढ ते."

"आलास? अरे, घातला नाहीस अजून कोट? फोटोवाला थांबलाय."

"जॅकेट काढ. माझं आहे."

"तुझंच रे! मी दिलं म्हणजे तुझंच. आजच्या दिवस घातलं तर काय बिघडलं? माझा कोट चुरगळला बॅगेत. तुला चालतो."

"मला चालत नाही!" धाकटा ओरडला. हॉलमधली बडबड थांबली. "तू दिलेलं नाहीये ते. मी शिवून घेतलंय. माझ्या मापानं. खांदा बघ तुझा, आरशात जाऊन बघ! का वर आलाय? तिथे माझा उतरलेला खांदा भरून काढलाय शिंप्यानं. हत्यारांची बॅग तू उचलली होतीस का तीस वर्षं?"

दादानं खांद्याला हात लावला. चाचपला. त्याचा चेहरा पडला, पण एवढ्या लोकांसमोर माघार कशी घ्यायची!

"बरं, बरं. चूक झाली. एवढं काय आकांडतांडव? एक फोटो होऊ दे, मग लगेच देतो."

"फोटोनंतर ते तुझं होईल. आणि मी घातलं की लोक म्हणतील, दादाचं का? आत्ता काढ."

"दादा, राग मानू नकोस रे त्याचा," कुणी मावशी मध्ये पडली. "धाकटा आहे."

"काका, काढा," मागून लेकीचा आवाज आला. ती नवऱ्याचा हात सोडून पुढे आली होती. "ते बाबाचं आहे. मी होते शिंप्याकडे."

मग दादानं जॅकेट काढलं. झटक्यानं, रागानं, एक बाही उलटी होत. धाकट्याच्या हातात आलं तेव्हा ते कोमट होतं. दादाच्या अंगाची ऊब. ही ऊब त्याला जन्मापासून ओळखीची होती. त्यानं बाही सरळ केली, जॅकेट जोरात झटकलं, पुन्हा झटकलं आणि तसंच हातावर धरून उभा राहिला. फोटोवाला ताटकळला, व्याही ताटकळले. त्यानं सगळ्यांना ताटकळू दिलं. ते पुरतं गार झाल्यावरच त्यानं अंगात घातलं. लेकीनं बटणं लावली.

तेव्हा त्याचं लक्ष दादाच्या शर्टाकडे गेलं. राखाडी. पोटावर ताणलेला, मधलं बटण जीव मुठीत धरून बसलेलं. तोही कपाटातलाच.

दादानं ती नजर पकडली. "हाही तुझाच असेल!" तो तणतणला. "सकाळी माझ्या शर्टावर चहा सांडला म्हणून घातला. घे बाबा, हाही घे. उघडा बसतो मी तुझ्या लेकीच्या लग्नात!" आणि तो खरोखरच वरचं बटण काढायला लागला.

"राहू दे," धाकटा म्हणाला. आता त्याचा आवाज चढलेला नव्हता. त्यानं बदामी कोट दादाच्या हातात ठेवला. मग शर्टाची कड चिमटीत धरून उजेडाकडे वळवली, आई बघायची तशी बघितली. "ठेव तुला. मी फारसा घातलेला नाही. बाजूंनी जरा उसवून घे. तुला होईल."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. दादानं धाकट्याकडे बघितलं, मग खाली बघितलं आणि काढलेलं बटण पुन्हा लावलं.