ओरड

"डॉक्टरीणबाई, पुन्हा भोक पाडलंत," डॉ. अन्तेसाना डोळा चोळत म्हणाले. सरावासाठी पाणी भरलेल्या मिरचीतून उडालेली चिळकांडी थेट त्यांच्या डोळ्यात गेली होती. "आणि ही ढोबळी कुठेय? लोकोतो आणलीत तुम्ही, जहाल तिखट मिरची. आग होतेय."

"गर्भाशयाएवढी वाटली म्हणून घेतली," फ्लोरेन्सियाबाई ओशाळून म्हणाल्या. "आमच्या पुनाता गावची ढोबळी भोपळ्याएवढी असते."

बाकीचे तरुण डॉक्टर हसले. कोचाबांबा शहरातल्या त्या वर्गात साठीला टेकलेल्या अशा बाईच एकट्या. गर्भाशयात बारीक दुर्बीण घालायची, पडद्यावर बघत काम करायचं, आणि पेशंटच्या आधी मिरच्यांवर हात बसवायचा. बाईंचा हात बसत नव्हता, कारण तो केव्हाच दुसरीकडे बसला होता. उभा जन्म त्यांनी न बघता, नुसत्या अंदाजाने गर्भाशयं खरवडली. भिंत हाताला खरखरली की जुने डॉक्टर म्हणत, 'ओरडली.' मग थांबायचं. इथेही हात ती ओरड शोधत पुढे जाई आणि मिरची फुटे.

"हात नको, डोळे वापरा."

"तुमचा डोळा तर मीच घालवला," बाई पुटपुटल्या. अन्तेसानांनाही हसू आलं.

दुपारी खरे पेशंट. बाईंनी आपल्या गावच्या बासिलियाला आणलं होतं. बाजारात चिचा, म्हणजे मक्याची दारू, विकणारी ही बाई मुलासाठी झुरत होती. एकदा गर्भ पडला, त्यानंतर दिवसच राहिले नव्हते. टेबलावर ती हॅट छातीशी धरून जागी पडली होती.

पडद्यावर गुलाबी पोकळी आली, आणि तिच्या मधोमध ताणलेला पांढरट पापुद्रा.

"चिकटलंय आत," अन्तेसाना म्हणाले. "कुणीतरी जरा जास्तच खरवडलंय."

बासिलिया तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "मीच." त्यांनी दुर्बीण अन्तेसानांकडे सरकवली. "तुम्ही करा. माझ्या हाताचा मला भरवसा नाही."

"का म्हणून?" बासिलियाने मान वळवली. "रक्त थांबत नव्हतं माझं. यांनी खरवडलं म्हणून जगले. तुम्ही होतात का तिथे, डॉक्टर?" मग हळूच म्हणाली, "तुम्हीच काढा, डॉक्टरीणबाई."

अन्तेसाना दोन पावलं मागे झाले.

कात्री तांदळाच्या दाण्याएवढी. बाईंनी थोडं कापलं, थांबल्या, पुन्हा थोडं कापलं. हात सवयीने ओरडीची वाट बघत होता. त्यांनी तो आवरला आणि नुसतं बघत राहिल्या. पापुद्रा अलगद दोन्हीकडे सुटला. मूल राहील की नाही, ते काही पडद्यावर दिसत नव्हतं.

"झालं?" बासिलियाने विचारलं. "मी तर ओरडलेसुद्धा नाही."

"नाही ओरडलीस, बायो."

बाईंनी हातमोजे काढले आणि बोटांनी डोळे पुसले. सकाळच्या लोकोतोची आग अजून बोटांना होती. डोळे वाहायला लागले, आणि का ते कुणी विचारलं नाही.