वसतिगृहाचं प्रकरण

नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या ज्योत्स्नाबाई त्या हिवाळ्यात लातूरला राजशेखर यांच्या घरी मुक्कामाला होत्या. राजशेखर यांचे वडील सिद्धलिंग अप्पा म्हणजे मोठे अडत व्यापारी आणि मुलींच्या वसतिगृहाचे संस्थापक. त्यांचं चरित्र पुण्यतिथीला प्रकाशित व्हायचं होतं. ते लिहायला बाईंना नाही म्हणता आलं नव्हतं. किनवटकडच्या बौद्ध वस्तीतून आलेल्या बाई त्याच वसतिगृहात राहून शिकल्या होत्या. जेवणघरातल्या अप्पांच्या फोटोला नमस्कार केल्याशिवाय तिथं कुणी ताटावर बसत नसे.

घरात कशाची कमी नव्हती. वरची खोली, वेळेवर चहा, अप्पांचे कपाटभर कागद. पण राजशेखर रोज लिहिलेली पानं मागवून घ्यायचे आणि ‘मॅडम, हे कशाला?’ म्हणत नम्रपणे ओळी खोडायचे. अप्पांचा राग गेला, हरलेली निवडणूक गेली. उरलेला माणूस बाईंना ओळखू येईना.

मग त्या खाली येऊन टीव्ही लावायच्या. कतारला फुटबॉलचा विश्वचषक चालू होता. चरित्राचा शेवट पहिल्या पानापासून ठाऊक असतो आणि सगळं आयुष्य त्या शेवटाकडं वळवायचा मोह होतो. मैदानावर तसं करता येत नाही, म्हणून त्यांना हा खेळ आवडायचा. अप्पांच्या पत्नी गुरम्मा अव्वाही शेजारी येऊन बसायच्या.

त्या संध्याकाळी जर्मनीपुढं जपान मागं पडलं होतं. उत्तरार्धात बदली खेळाडू म्हणून आलेल्या दोघांनी गोल केले आणि जपान जिंकलं. हे दोघं आधी कुठं होते, असं अव्वांनी विचारलं. बाकावर, बाई म्हणाल्या.

अव्वांनी एकदा दाराकडं पाहिलं. मग हळू आवाजात सांगू लागल्या. वसतिगृह अप्पांनी काढलंच नव्हतं. लातूरजवळच्या मुरुडहून शिकायला आलेल्या बौद्ध पोरींना कुणी खोली देईना, तेव्हा अव्वांनी त्यांना आपल्या स्वयंपाकघरात निजवलं. त्यावरून अप्पा कित्येक महिने घरात जेवले नाहीत. पुढं आणखी पोरी येत गेल्या, गावात नाव झालं, तेव्हा पाटीवर अप्पांचं नाव लागलं.

बाईंनी टीव्ही बंद केला. “अव्वा, मी हे लिहिते.”

“न्हाई. मला ह्याच घरात मरायचं हाय. अन् पोराला बाप एवढाच ठाऊक हाय.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी लिहिलं, ‘वसतिगृह सुरू झालं.’ राजशेखर त्या ओळीवर थांबले.

“कुणी सुरू केलं, ते राहिलं मॅडम.”

त्यांनी पेन पुढं केला. दाराशी अव्वा तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. उरलेलं मी नांदेडला जाऊन लिहीन, असं बाईंनी सुचवून पाहिलं. कागद घराबाहेर जात नाहीत, असं राजशेखर म्हणाले. शिवाय लेखिका म्हणून बाईंचं नाव घालून निमंत्रणपत्रिका छापायला गेल्या होत्या.

बाईंनी ‘अप्पांनी’ हा शब्द वर लिहिला आणि ओळ दुरुस्त केली.

संध्याकाळी टीव्हीसमोर त्यांना अव्वांकडं बघवेना. अव्वांनी आपली शाल अर्धी त्यांच्या पायांवर ओढली आणि आज कोण खेळतंय, असं विचारलं. बाईंनी देशांची नावं सांगितली. वर टेबलावर अजून निम्मं पुस्तक लिहायचं पडलं होतं.