पायजमा घालून शाळेत

लिस्बनच्या गच्चीत वाळणारे निळे पट्टे. पॅरिसमध्ये उशीखाली दडपलेली घडी. नॉर्वेत आजीने ठिगळ लावलेला गुडघा. बेल्जियममधल्या गेंट शहरात सायकलवर एक माणूस, हँडलला डबा, अंगात झोपेचे कपडे.

मित्रांनो, या सगळ्यांत मी आहे. मी एक जुना शब्द आहे : पायजमा. फारसीत जन्मलो, हिंदुस्थानात वाढलो, इंग्रजांच्या सामानाबरोबर बोटीने युरोपात आलो. स्पेनमध्ये मी 'पिहामा' झालो, इटलीत 'पिजामा', नॉर्वेत 'पिशामास'. सगळ्यांनी मला घरात घेतलं, पण उंबऱ्याच्या आतच ठेवलं. तुमच्याकडे मला घालून लोक लग्नाला जातात. इथे कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवतानाही माणूस आधी गल्ली बघतो.

गेंटच्या लीसेलोटला मी नकोसा झालो होतो. नऊ वर्षांची पोर, आजारपणामुळे महिनोन्‌महिने घरी. कॉम्प्युटरवर तिला वर्ग दिसायचा, पण स्वतःचा कॅमेरा ती बंद ठेवायची. आई विनवायची, तर म्हणायची, "सगळे नीट कपड्यांत असतात. पायजम्यात मी एकटीच." वर्गही हळूहळू तिचं नाव घ्यायला विसरत चालला होता.

बेल्जियममध्ये मार्चमधल्या एका शुक्रवारी, अशा मुलांसाठी अख्खी शाळा पायजमा घालून येते. तिचे बाव्हो मास्तर चुकून गुरुवारीच तसे सायकलवरून आले.

फाटकापाशी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाव्हो, उद्या रे."

मास्तरांनी खाली पाहिलं. घरी जाऊन कपडे बदलण्याइतका वेळ होता. ते तसेच वर्गात गेले. मुलं बाकांवर लोळून हसली. वाउट म्हणाला, "मास्तर, इस्त्री तरी करायची."

मास्तर कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. "लीसेलोट, आज या वर्गात असा मी एकटाच आहे. सोबत करतेस?"

काळा पडदा उजळला. मग एक पिवळी बाही दिसली. मग केस गेलेलं डोकं. मग हसू.

"मास्तर, तुमचं एक बटण चुकलंय."

मित्रांनो, मी कितीतरी भाषांत राहिलो, पण त्या चुरगळलेल्या पायजम्यातल्या मास्तरांइतका मान मला कुणी दिला नाही. तुमच्या वर्गात एखादी जागा रिकामी असेल, तर तिथल्या मुलाचं नाव रोज घ्या. नाव घेतलं नाही की काय होतं, ते आम्हा शब्दांना ठाऊक आहे.

फारसीत माझा अर्थ 'पायांचं वस्त्र' एवढाच आहे. त्यात अंथरूण कुठेच नाही.