मागच्या काचेवरचं स्टिकर

मार्नी द्वोराकला लहानपणापासून एकच वेड, पतंगांचं; दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या किड्यांचं. मक्याच्या शेतांमधल्या त्या गावात बाकीच्या मुली नखं रंगवायच्या, तेव्हा ही जाळी घेऊन कुंपणापाशी उभी. तिला राज्याच्या विद्यापीठात कीटकशास्त्र शिकायचं होतं. दुसरीकडे तिने अर्जच केला नव्हता.

शेजारच्या ब्रिनला हवं होतं संगणकशास्त्र, पण तिथे झुंबड. तिच्या वडिलांनी एक सल्लागार बाई गाठली. "ज्या विषयाला कुत्रं विचारत नाही, त्यातून आत शिरायचं," बाई म्हणाल्या, "आणि वर्षभराने विषय बदलायचा." बाईंची गिऱ्हाइकं पुष्कळ होती आणि सगळ्यांना हाच मंत्र दिलेला. त्या वर्षी बिचाऱ्या किड्यांना एकाएकी भाव आला.

अर्जाला निबंध लागतो. "मार्ने, तुझं ते पतंगांचं सांग ना गं थोडं," ब्रिन लाडात आली. मार्नीने थोडं नाही, सगळं सांगितलं. आजोबांबरोबर पतंग कसे धरायची, तेही. आपलं वेड मैत्रिणीला आवडलं, याचाच भोळीला आनंद! ब्रिनने निबंधात आजोबासुद्धा उचलले.

ब्रिनला प्रवेश मिळाला. मार्नी प्रतीक्षायादीत पहिली; कोणी जागा सोडली तरच तिला. मे महिन्यात सगळी मुलं प्रवेश मिळालेल्या आपापल्या कॉलेजचा शर्ट घालून शाळेत आली, तेव्हा मार्नी साध्या शर्टात मागच्या बाकावर बसली. दात आहेत तर चणे नाहीत, दुसरं काय!

जूनमध्ये ब्रिन विद्यापीठाची ओळखभेट आटोपून परतली ती रडतच मार्नीच्या घरी. "विषय बदलता येत नाही गं! नवा नियम केलाय मेल्यांनी. चार वर्षं किडे!"

मार्नी ताडकन उठली. "मग सोड ना ती जागा. पुढचा नंबर माझाच आहे."

"वेडी का तू? बाबांनी गाडीच्या मागच्या काचेवर विद्यापीठाचं स्टिकर लावलंय. चर्चमध्ये सगळ्यांनी पाहिलंय. आता काय खरवडून काढायचं?"

"स्टिकरसाठी, ब्रिन?"

"चिडतेस काय? तू आहेस ना मला. मी फोटो पाठवत जाईन, तू नावं सांगत जा." ब्रिनने मार्नीच्या आईने केलेला कोलाचे, जर्दाळू भरलेला गोड पाव, उचलून तोंडात टाकला. समोरच्या भिंतीवर करड्या पंखांचा एक पतंग निवांत बसला होता. "ईऽ!" म्हणत ब्रिनने चप्पल काढून त्याला भिंतीवरच चिरडलं.

मार्नीला संताप आला. ती भिंतीवरच्या डागाकडे बघत राहिली.

"याचं काय गं नाव?" ब्रिनने फोन पुढे धरून विचारलं.

मार्नीने सांगितलं. पतंगाचं खोटं नाव तिने जन्मात पहिल्यांदाच घेतलं, आणि ब्रिनने ते फोनमध्ये नीट टिपून घेतलं.