शेजारची पोर

"ते बोलणारं खोकं आधी कपाटावर टाक," उदयसिंहानं भावजयीला बजावलं. "गडहिंग्लजचं पावणं दारात आल्यात. माझ्या मोनाचं लगीन ठरू द्यायचं हाय का न्हाय?"

"भाऊजी, तेजू त्याच्याबिगर कायबी मागंल कशी?" स्नेहल म्हणाली.

"त्यापायीच बोलंना झालीया ती! घटकाभर गप बसली तर मरत न्हाय."

खोकं म्हणजे स्नेहलच्या पाच वर्षांच्या तेजस्वीचा टॅब. पोरीला बोलता येत नव्हतं. चित्रावर बोट ठेवलं की टॅब तिच्या वतीनं बोलायचा. शाळेतल्या बाईंनी वर्षभर खपून तिला ते शिकवलं होतं.

देव्हाऱ्यापाशी बसलेल्या बनाबाईंनी सगळं ऐकलं. पण सोमवार होता, त्यांचं मौन होतं. दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा नेम नवरा गेल्यापासून कधी चुकला नव्हता. त्यांनी लेकाकडं नुसतं पाहिलं. नुकत्याच सारवलेल्या अंगणात कुणी थुंकून जावं आणि आपण त्याकडं बघावं, तसं.

पाहुणे बसले. उदयसिंहाच्या जिभेवर साखर पेरली गेली. "आमच्या आईचं सोमवारी मौन असतंय. आभाळ कोसळू द्या, शब्द न्हाय! घराण्याची पुण्याई, दुसरं काय?"

पाहुणीबाई भारावून बनाबाईंच्या पाया पडल्या. बनाबाईंना शिसारी आली. आपलं न बोलणं ह्यानं चांदीच्या ताटासारखं चारचौघांत मिरवायचं, आणि पोरीचं न बोलणं झाकून ठेवायचं. ह्या ध्यानासाठी आपण उपास केले!

तेवढ्यात तेजस्वी आतून आली. तिनं आजीचा तळहात उघडला आणि त्यावर बोट टेकवलं. एकदा इथं, एकदा तिथं. बोटाला जागा पाठ होत्या, हातावर चित्रं नव्हती. आजीला काही उमजेना. पोरीचे डोळे भरून आले.

"ही कुणाची हो?" पाहुणीबाईंनी विचारलं.

"शेजारची हाय," उदयसिंह हसत म्हणाला. "येती अशीच खेळायला."

बनाबाई उठल्या. स्टूल ओढून, गुडघ्यावर हात देत वर चढल्या.

"आई! आगं पडशील की!"

त्यांनी कपाटावरचा टॅब काढला, पदरानं पुसला आणि नातीच्या हातात दिला. स्नेहलनं त्यात घरातल्या माणसांचे फोटो घातले होते. पोरीनं बोट टेकलं.

"आजी," टॅब म्हणाला.

मग लग्नातल्या फेट्यात ऐटीत बसलेल्या उदयसिंहाच्या फोटोवर. "काका."

मग पेल्यावर. "पाणी."

पाहुणीबाईंनी पोह्याचा चमचा बशीत ठेवला. त्यांनीच आपला न उष्टावलेला पेला पुढं केला. "घे, बाळा."

तेजस्वीनं मान हलवली. पुन्हा फेट्यावर बोट.

"काका. पाणी."

उदयसिंहाच्या हाताशी भरलेला तांब्या होता. तो समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसला. पोरीनं टॅब काखेत धरला, मोकळा हात त्याच्यापुढं केला आणि तशीच उभी राहिली.