विहीर सुधारली

"अहो, राहू द्या ना तो लाल रंग थोडा," ती म्हणाली. "एवढं खरवडताय कशाला?"

पाणीवाले विहिरीच्या कठड्यावर ब्रश घासत राहिले. लाल खूण म्हणजे पाणी पिऊ नका. ती रंगवली होती त्यांनीच, आणि आज पुसायलाही त्यांनाच यावं लागलं. "पाणी पिण्याजोगं झालंय. खूण ठेवून कसं चालेल?"

बातमी आनंदाची होती, पण सांगणाऱ्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होता. शेताशेतांतून विहिरींचं पाणी तपासत फिरायचं हे त्यांचं काम. त्या धांदलीत लग्न राहून गेलं ते गेलंच. या विहिरीत नायट्रेट फार निघालं, म्हणून दर महिन्याला यायचं ठरलं. हिचा नवरा वारलेला, शेत ही एकटीच बघायची. पाणीवाल्यांनी सांगितलं तसा तिने शेणाचा खड्डा लांब हलवला, विहिरीभोवती गवत वाढवलं, युरियाही बेताने टाकायला लागली. ऐकणारं माणूस भेटलं की सांगणाऱ्याला किती बरं वाटतं! एरवी शेतकरी त्यांना बघून वाट बदलत.

दारात खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाईंना धड दिसत नसे. "कोण आलंय गं?" असं त्या विचारायच्या. "पाणीवाले," असं सुनेने सांगितलं की त्या निवांत व्हायच्या. सरकारी कामाला कोण आडकाठी करणार? चहा व्हायचा, इकडच्या तिकडच्या गप्पा व्हायच्या.

तपासण्या लागोपाठ चांगल्या आल्या, की विहीर फेरीतून वगळायची असा नियम होता. शेवटचा नमुना घेताना पाणीवाल्यांनी चक्क गोठ्यामागच्या नालीत बाटली बुडवली होती. कुणाला कळणार होतं? मग स्वतःचीच लाज वाटली. ती बाटली फेकून त्यांनी नवी काढली, विहिरीच्या पाण्याने विसळली आणि भरली.

"म्हणजे पुढच्या महिन्यात येणार नाही तुम्ही," ती म्हणाली.

"नाही. वगळली विहीर."

"सहज म्हणून..." तिने दाराकडे पाहिलं. सासूबाई कान देऊन बसल्या होत्या. वाक्य तिथेच राहिलं.

पाणीवाल्यांनी ब्रश धुतला, सामान आवरलं. ती फाटकापर्यंत सोडायला आली. एवढ्या लांब ती कधीच आली नव्हती.

"एक सांगू? हसाल."

"सांगा की."

"मागे तुम्ही यायच्या आदल्या दिवशी मी पाटीभर शेण विहिरीपाशी नेलं होतं. आत टाकायला." ती फाटकाच्या कडीशी चाळा करत होती. "नाही टाकलं. परत आणलं."

पाणीवाल्यांना हसू आलं नाही. नालीतल्या बाटलीची गोष्ट अगदी ओठांवर आली होती, पण जीभ रेटेना. आयुष्यभर विहिरींशी बोललेला माणूस तो.

"जड असेल पाटी," ते एवढंच म्हणाले.

"नेताना नाही वाटली," ती म्हणाली. "परत आणताना वाटली."