एकेचाळीस हजार पाखरं

सोमवारी सकाळी कॅन्टीनमधला बिस्किटांचा डबा रिकामा निघाला आणि दुपारपर्यंत अख्ख्या मजल्याला ठाऊक झालं, की कंपनीतून माणसं कमी करणार आहेत.

बातमी अर्थातच 'आकाशवाणी'ने आणली. गेममधल्या माणसांना चालायला, पळायला, धडपडायला शिकवणारा हा ॲनिमेटर. हात कामात असले तरी त्याचं तोंड रिकामं असायचं, म्हणून हे नाव पडलेलं.

"बिस्किटं संपली म्हणून कुणी माणसं काढतं होय?" धडकताई म्हणाली.

"बिस्किटं सोड गं. शुक्रवारी काचेची खोली दिवसभर राखून ठेवलीय. आणि एचआरच्या बाईंनी कागदी रुमालांचे सहा खोके मागवलेत. सहा! सर्दीची साथ आलीय का?"

"तू मोजलेस?"

"मोजलेस म्हणजे! उचलून आत ठेवायला मीच गेलो होतो."

धडकताई हसली. ती टेस्टर होती. लोकांना वाटतं, काय मजा आहे, दिवसभर गेम खेळायचा आणि वर पगार घ्यायचा! पण खेळणं वेगळं आणि तपासणं वेगळं. खेळणारा दारातून आत जातो. ही दाराशेजारच्या भिंतीवर धडका द्यायची. सरळ, तिरकी, उडी मारून, पाठमोरी. शंभर धडकांत एखादी भिंत फसायची आणि ही आरपार जायची, की चूक सापडली. मग ती लिहून काढायची: काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. शिवाय तसंच केलं की पुन्हा तसंच होतं, हे दाखवूनही द्यायचं. एकदाच घडलेल्या गोष्टीला या कामात किंमत नाही. म्हणून तिचं नाव धडकताई, आणि म्हणूनच ऐकीव गोष्टींवर तिचा विश्वास कमी.

पण आकाशवाणीचं दुसरं वाक्य तिला लागलं. "टेस्टर नऊ आहेत, त्यातले तीन ठेवणार. महिन्यात ज्यांनी जास्त चुका शोधल्या, ते तीन. आणि प्रोग्रामरांचं उलटं. या आठवड्यात ज्याच्या नावावर लाल चूक चढेल, तो गेलाच म्हणून समज."

लाल चूक म्हणजे ज्या चुकीने गेम अडखळतो किंवा बंदच पडतो ती. आणि महिन्याचा हिशेब म्हणाल, तर इतरांच्या पन्नास-साठ नोंदी झाल्या होत्या, धडकताईच्या एकोणीस. ती सावकाश काम करायची. एका झाडाभोवती सकाळ घालवायची.

संध्याकाळी घरी आई टेबलाशी शेंगा सोलत बसली होती. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधी त्यातली चूक हेरायची. धडकताईने सगळं सांगितलं.

"शुक्रवारी म्हणतात ना?" आई म्हणाली. "मग आज सोमवार आहे. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं चाललंय तुमचं."

"तुला सोपंय गं आई बोलायला."

"सोपं कुठलं? मलाही घास गोड लागणार नाहीये चार दिवस. पण ते राहू दे. तुमच्या त्या खेळात पाखरं आहेत म्हणालीस. संध्याकाळी ती जातात कुठे?"

"कुठे जात नाहीत. गेममध्ये रोज पहाटे शंभरेक नवी पाखरं येतात, दिवसभर उडतात. सूर्य मावळायला लागला की त्याच्या दिशेने निघतात आणि नजरेआड झाली की मिटवून टाकतात त्यांना."

"मिटवून टाकतात, हे तू पाहिलंस?"

"त्यात पाहायचं काय? तसं ठरलंय."

"वा!" आई म्हणाली. "आणि आत्ताच मला सांगत होतीस, की स्वतः पाहिल्याशिवाय तू काही मानत नाहीस."

मंगळवारी सकाळी धडकताई कोपऱ्यातल्या यंत्रापाशी जाऊन बसली. हे यंत्र मुद्दाम कधी बंद करत नसत. लांब पल्ल्याला गेम दमतो का, ते बघायला तो त्यावर अकरा दिवस अखंड चालू ठेवला होता. गेममधला एक दिवस चाळीस मिनिटांचा; म्हणजे आपले अकरा दिवस होईतो तिकडे जवळपास चारशे दिवस उलटलेले. एवढा वेळ गेममधला माणूस गावच्या चौकात नुसता उभा होता. धडकताईने त्याला हलवलं आणि सूर्य कलला तसा पाखरांच्या थव्यामागून चालवायला सुरुवात केली.

नदी ओलांडली. टेकड्या मागे पडल्या. पश्चिमेच्या टोकाकडे एरवी कुणी फिरकत नसे, कारण तिथे करण्यासारखं काही नव्हतं. जमीन संपायची, उभा कडा लागायचा आणि कड्यापलीकडे नुसतं आकाश. त्यापुढचं जग कुणी बनवलंच नव्हतं.

पाखरं मिटली नाहीत. ती त्या कड्याकडे निघाली होती.

धडकताईने माणसाला कड्याच्या कडेशी नेऊन खाली पाहायला लावलं आणि तिचा हात थांबला.

कडा दिसतच नव्हता. वरपासून खालपर्यंत, प्रत्येक कपारीत, प्रत्येक फटीत पाखरं बसली होती. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता: एकेचाळीस हजार एकशे चौऱ्याऐंशी. आजचे नवे शंभर जवळ आले, तशी ती सगळीच्या सगळी उठली. आणि इतक्या पंखांचं ओझं यंत्राला पेलेना, म्हणून सगळं संथ झालं. एकेक पंख वर जायला श्वासभर वेळ घेत होता. कुणी घरभर मोठी चादर सावकाश झटकावी, तसा तो थवा आकाशभर पसरला, दुमडला, सूर्यावरून गेला. सूर्य झाकला गेला आणि मग हजार फटींतून पुन्हा दिसला. नवे शंभर त्यात कुठे मिसळले, कळलंही नाही. मग सगळी खाली उतरू लागली, आणि उतरताना प्रत्येक कपारीतलं पाखरू थोडं थोडं सरकलं. नव्यांना जागा झाली.

धडकताई खुर्चीवरून उठली होती. केव्हा उठली, ते तिला आठवत नव्हतं.

मग भानावर आली तशी तिच्यातली टेस्टर जागी झाली. ही चूक होती. यंत्र अडखळत होतं, म्हणजे लाल चूक. महिन्यातली सगळ्यांत मोठी. ही एक नोंद केली, की एकोणिसाचा आकडा कुणी विचारणारही नाही.

आणि ती पक्षीबुवांच्या नावावर चढणार होती.

पक्षीबुवा म्हणजे पन्नाशीचे, कानाशी पांढरे झालेले, अत्यंत मितभाषी प्रोग्रामर. गेममधली पाखरं त्यांची. मिटवायची ओळ लिहायची त्यांच्याकडून राहून गेली असणार, दुसरं काय! आठवड्यात एक लाल चूक, की तो गेलाच, हे आकाशवाणीचं वाक्य तिच्या कानात होतं. आपण राहायचं तर या माणसाला घालवून.

अर्धा तास ती नोंदीचा कोरा रकाना उघडून बसली. लिहिलं नाही तर गेम घेणाऱ्या पोरांची यंत्रं अडखळणार. लिहिलं तर बुवा. शेवटी तिने जे कधीच केलं नव्हतं ते केलं. नोंद करण्याआधी ज्याची चूक त्यालाच बोलावून आणलं.

"बुवा, जरा येता का? काही विचारू नका. नुसतं बघा."

गेममधली पुढची संध्याकाळ व्हायला दहाएक मिनिटं होती. बुवा खुर्ची ओढून बसले. सूर्य कलला, थवा आला, कडा उठला. बुवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पाखरं उतरून, सरकून, बसून झाल्यावरच ते बोलले.

"मी यांना तीनच गोष्टी शिकवल्या होत्या," ते म्हणाले. "शेजाऱ्याला सोडायचं नाही. शेजाऱ्याला धडकायचं नाही. शेजारी जिकडे, तिकडे आपण. आणि मावळतीला सूर्याकडे जा, एवढं वरून सांगितलं. जागा करून द्यायला नव्हतं शिकवलं."

"धडकायचं नाही म्हणून सरकतात ती."

"कळतंय ना, तेच तर! कसं होतं ते कळतंय, आणि तरी..." ते पडद्याकडून तिच्याकडे वळले. मग एकदम म्हणाले, "लिहिलीस का नोंद?"

"तुमचं नाव चढेल."

"पाखरं माझी, मग नाव कुणाचं चढणार? शेजाऱ्याचं?"

"शुक्रवार आहे, बुवा."

"आहे ना. म्हणून काय चुकीला बरोबर म्हणायचं? तीस माणसांची मेहनत आहे या गेमात, एका पाखरूवाल्याची नाही. लिही. पण एक कर. नुसतं 'यंत्र अडखळतं' असं नको लिहूस. तू पाहिलंस ते लिही."

तिने लिहिलं. 'काय व्हायला हवं होतं' या रकान्यात एक ओळ: संध्याकाळी पाखरं मिटायला हवी होती. 'काय झालं' या रकान्यात मात्र ती लिहीत गेली. कपारी, संथ पंख, झाकलेला सूर्य, नव्यांना मिळालेली जागा. मग नोंद पाठवली.

नोंद सगळ्यांना दिसते. बुधवारी सकाळी आधी दोघे आले, मग पाच, मग अख्खा मजला. कोपऱ्यातल्या यंत्राभोवती माणसं खुर्च्यांवर, टेबलांवर उभी राहिली. एचआरच्या बाई कसला गोंधळ म्हणून बघायला आल्या आणि मागच्या रांगेत टाचा उंचावून थांबल्या. सूर्य कलला. पाखरं उठली. आकाशवाणीच्या तोंडाला प्रथमच कुलूप लागलं. थवा खाली उतरून स्थिर झाल्यावर तो हळूच एवढंच म्हणाला, "आई शप्पथ. हे आपण बनवलंय?"

"कुणीच नाही बनवलं," बुवा म्हणाले. "आपण फक्त मिटवायचं विसरलो."

गुरुवारभर लोक येतच राहिले. यादीबद्दल त्या दिवशी फारसं कुणी बोललं नाही.

शुक्रवारी यादी आलीच. काचेच्या खोलीत धडकताईला अकरा वाजता बोलावलं. एचआरच्या बाईंनी कागद पुढे केला आणि रुमालांचा खोका जरा बाजूला सारला, जणू तो तिथे असल्याची त्यांनाच लाज वाटत होती.

"बसा. मला वाईट वाटतंय, पण..."

"माझ्या नोंदी कमी आहेत म्हणून?"

"नोंदी?" बाई गोंधळल्या. "नोंदी कुणी मोजल्या नाहीत. यादी महिन्यापूर्वीच झालीय. सर्वांत शेवटी आलेले सहा टेस्टर, एवढाच नियम."

"आणि पक्षीबुवा?"

"प्रोग्रामरांतलं कुणीच नाही यात."

म्हणजे लाल चुकीनं कुणाला तारलं नव्हतं की मारलं नव्हतं. धडकताईला रडू यायचं ते हसूच आलं. चार दिवस तिने ज्या तराजूत बुवांना नि स्वतःला तोललं होतं, तो तराजू कुणी टांगलाच नव्हता. पण आईला चार दिवस घास गोड लागला नव्हता, आणि आता घरी काय सांगायचं, ते आठवल्यावर हसू विरलं. तिने कागदावर सही केली.

"तुमचं कार्ड पाच वाजेपर्यंत चालेल," बाई म्हणाल्या.

पाच वाजेपर्यंत. एक काम उरलं होतं. आपली नोंद आपणच मिटवायची असते. चूक खरंच सुधारली का, हे ज्याने शोधली त्यानेच बघायचं.

बुवा यंत्रापाशी वाट बघत होते. त्यांना कळलं होतं. त्यांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"सगळी नाही मिटवली," ते म्हणाले. "दोन हजार ठेवलीत. नवी आली की सगळ्यांत जुनी मिटतील. तेवढं कोणत्याही यंत्राला झेपेल. वरच्यांना विचारलं, तर बुधवारी तेही मागे उभे होते. हो म्हणाले."

"म्हणजे गेम घेणाऱ्यांनाही दिसेल?"

"जो पाखरांमागे चालत जाईल, त्याला."

धडकताईने माणसाला चौकातून काढलं. नदी, टेकड्या, कडा. थवा आला. आता पंख संथ नव्हते. दोन हजार पाखरं झर्रकन वर गेली, वळली, सूर्यासमोर एकदाच चमकली आणि धबधब्यासारखी कड्यावर कोसळली. यंत्र जराही अडखळलं नाही. ओळखीचं होतं सगळं, तरी नजर हटत नव्हती.

तिने कडा वरपासून खालपर्यंत सावकाश तपासला. मग पडद्याजवळ वाकली.

"बुवा, हे एक पाखरू बघा. कपारीच्या वीतभर वर, हवेत बसलंय."

"असू दे गं आता."

"असू दे कसं?" ती म्हणाली, आणि नवी नोंद उघडली.